मोबाईल हरवल्यास शेतकऱ्यानें प्रथम काय करावें ?

पूर्वीं शेतकऱ्याच्या घरीं जपून ठेवण्याच्या वस्तूंची जागा ठरलेली असे. जमिनीचे कागद पेटींत, दागिने कपाटांत व रोकड घरच्या वडीलधाऱ्या माणसाच्या हातीं. आज यांपैकीं बरेंचसें एका तळहाताएवढ्या यंत्रांत येऊन बसलें आहे. सातबाराचा उतारा त्यावर निघतो, ई-पीक पाहणीची नोंद त्यावरून होते, प्रधानमंत्री किसान सन्मान निधीची खातरजमा त्यावर येणाऱ्या ओटीपीनें करतां येते, आणि मालाचे पैसे जमा झाल्याची वर्दीही तेथेंच येते. असें असूनही आपण पेटीला कुलूप लावतों, आणि हें यंत्र मात्र सदऱ्याच्या वरच्या खिशांत टाकून बाजाराच्या गर्दींत शिरतों.

प्रस्तुत लेखकावर हा प्रसंग कांदा विकावयास गेला असतां आला. लिलाव चालू असतांना खिसा रिकामा झाल्याचें ध्यानांत आलें, तेव्हां सकाळचे दहा वाजले होते. फोन कोठें तरी पडला असेल अशा समजुतीनें गाडीखालीं, चहाच्या दुकानांत व ओळखीच्या आडत्याकडे शोध चालला. दुसऱ्याच्या फोनवरून स्वतःच्या नंबरावर घंटा देऊन पाहिली. दोन वेळां ती वाजली. तिसऱ्या वेळीं फोन बंद असल्याचें उत्तर आलें. त्याच क्षणीं सावध व्हावयास पाहिजे होतें. परंतु शोधांतच चार तास गेले. दोन वाजतां बँकेंत जाऊन खातें पाहिलें, तों साडेअकरा व एक यांच्या दरम्यान दोन खेपांस मिळून अडतीस हजार रुपये निघून गेलेले ! रब्बीच्या बी-खतासाठीं ठेवलेली ती रक्कम होती.

हें कसें घडलें तें मागाहून कळलें. फोनच्या कव्हरांत एटीएम कार्ड ठेवण्याची आमची संवय होती. फोनला कुलूप होतें, तें चोरास उघडावें लागलेंच नाहीं. त्यानें सिमकार्ड काढून दुसऱ्या फोनमध्यें घातलें, कार्डावरील आंकडे व त्या नंबरावर आलेला ओटीपी, म्हणजे एका वेळेपुरता चालणारा संकेतांक, यांच्या साह्यानें यूपीआयचा नवा पिन ठरविला, आणि पैसे काढून घेतले. फोन आठ हजारांचा होता. नुकसान त्याच्या जवळजवळ पांचपट झालें. यावरून एक गोष्ट वाचकांनीं पक्की ध्यानांत धरावी, ती ही कीं, हरवलेल्या यंत्रापेक्षां त्यांतील नंबर अधिक मोलाचा आहे. यंत्र शोधण्यास मागून वेळ मिळतो. नंबर मात्र तात्काळ बंद केला पाहिजे. म्हणून पुढील कामें ज्या क्रमानें दिलीं आहेत त्याच क्रमानें करावींत.

पहिलें काम : नंबर बंद करणें. शेजारी जो कोणी असेल त्याचा फोन मागून घ्यावा व आपल्या सिमकार्डाच्या कंपनीच्या ग्राहकसेवेस कळवून सिमकार्ड बंद करवावें. जवळच्या माणसाच्या फोनवरून आपल्या गूगल खात्यांत शिरतां येत असेल, तर त्यापूर्वीं दोन मिनिटें काढून ‘फाइंड हब’ या सोयीनें फोनला दुरून कुलूप घालावें. आयफोनवर हीच सोय ‘फाइंड माय’ या नांवानें आहे. फोन चालू असून त्यास इंटरनेट मिळत असेल तरच हा हुकूम त्याला तात्काळ पोंचतो. म्हणून सिमकार्ड बंद करण्याआधीं तो देणें बरें. परंतु परवलीचा शब्द आठवत नसेल तर त्यासाठीं खोळंबून राहूं नये. फोन कोठें आहे हें नकाशावर दिसल्यास ती जागा पोलिसांस सांगावी. एकट्यानें तेथें जाऊं नये.

दुसरें काम : बँकांस कळविणें. ज्या ज्या बँकेंत आपलें खातें त्या नंबरास जोडलेलें आहे, त्या प्रत्येकीस कळवून यूपीआय, मोबाईल बँकिंग व कार्ड हीं तिन्हीं बंद करवावींत. जिल्हा बँकेचें खातें बहुधा विसरलें जातें, तें विसरूं नये. तक्रारीचा क्रमांक व वेळ लिहून घ्यावी, कारण पुढें सर्व कांहीं त्या वेळेवर अवलंबून असतें. रिझर्व्ह बँकेनें २०१७ सालीं काढलेल्या परिपत्रकांत असें तत्त्व घालून दिलें कीं, ग्राहकाच्या हयगयीमुळें झालेलें नुकसान बँकेस वर्दी देईपर्यंत ग्राहकाचें, व वर्दी दिल्यानंतर झालेलें बँकेचें. आमचे अडतीस हजार वर्दीपूर्वीं गेले, व कार्ड कव्हरांत ठेवणें ही हयगय आमचीच होती. म्हणून ते आमच्याच माथीं बसले. दहा वाजून दहा मिनिटांनीं फोन केला असता तर ही रक्कम वांचली असती. पैसे गेल्याचें दिसल्यास १९३० या क्रमांकावरही लागलीच तक्रार द्यावी. आर्थिक सायबर गुन्ह्यांसाठीं हा क्रमांक देशभर चालतो, व तक्रार लवकर पोंचल्यास पैसे पुढच्या खात्यांतून निघण्यापूर्वीं अडवितां येण्याचा संभव असतो.

तिसरें काम : पोलिसांत नोंद. चोरी झाली असल्यास चोरीची, व खरोखरच कोठें पडला असल्यास हरवल्याची नोंद करवून तिची प्रत घ्यावी. बाजार एका हद्दींत व आपलें गांव दुसऱ्या हद्दींत, अशी अडचण शेतकऱ्यास नेहमींच येते. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणें चोरीसारख्या दखलपात्र गुन्ह्याची वर्दी हद्द न पाहतां कोणत्याही पोलीस ठाण्यावर देतां येते. प्रतीवांचून पुढचें काम होत नाहीं, म्हणून तिचा आळस करूं नये.

चौथें काम : त्याच नंबराचें नवें सिमकार्ड घेणें. ओळखपत्र घेऊन कंपनीच्या अधिकृत दुकानीं जावें. नवा नंबर घेण्याच्या भरीस पडूं नये. आधार, बँक, किसान सन्मान निधी व महाडीबीटी या सर्व ठिकाणीं जुनाच नंबर नोंदलेला असतो, व तो बदलावयाचा तर आधारापासून सुरुवात करावी लागते. मात्र नव्या सिमकार्डावर पहिले २४ तास संदेश येत नाहींत व जातही नाहींत. ही व्यवस्था फसवणूक टाळण्यासाठींच ठेवलेली आहे. तीमुळें घाबरण्याचें कारण नाहीं. नव्या फोनवर त्याच नंबराचें व्हॉट्सअॅप सुरू केलें म्हणजे जुन्या फोनवरील आपोआप बंद होतें. तोंपर्यंत आडत्या, खतांचा दुकानदार, सोसायटीचे चिटणीस व नातेवाईक यांस निरोप धाडावा कीं, माझ्या नांवानें कोणी पैसे मागितल्यास देऊं नयेत.

पांचवें काम : यंत्र निरुपयोगी करणें. प्रत्येक फोनला आयएमईआय नांवाचा १५ आंकडी क्रमांक असतो. दोन सिमकार्डांच्या फोनला असे दोन असतात. जनावराच्या कानांतील बिल्ल्यावर जसा १२ आंकडी क्रमांक असतो, तसाच हा समजावा. केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर हा क्रमांक, पोलीस नोंदीची प्रत, खरेदीचें बिल व ओळखपत्र देऊन फोन अडविण्याची विनंती करतां येते. त्यासाठीं ओटीपी लागतो, म्हणून नवें सिमकार्ड आधीं घ्यावयाचें. ही सोय सप्टेंबर २०१९ मध्यें प्रथम महाराष्ट्रापुरती मुंबईंत सुरू झाली व मे २०२३ मध्यें सर्व देशास लागू झाली. विनंती मान्य झाल्यावर २४ तासांच्या आंत तो फोन देशांतील कोणत्याही कंपनीच्या सिमकार्डावर चालेनासा होतो, आणि कोणी तो चालवूं पाहिल्यास त्याचा माग पोलिसांस लागूं शकतो. फोन सांपडल्यास तेथेंच तो पुन्हां मोकळाही करवितां येतो.

यानंतर कांहीं दिवसांनीं ‘तुमचा फोन सांपडला आहे, अमुक ठिकाणीं आपला पिन भरा’ असा संदेश येण्याचा संभव असतो. तो चोराचाच समजावा. पोलीस किंवा बँक आपला पिन कधींही विचारीत नाहींत.

आतां हीं सर्व कामें सुलभ व्हावीं म्हणून आधींच करून ठेवण्याच्या गोष्टी सांगतों. फोनवर *#०६# हीं अक्षरें दाबलीं असतां आयएमईआय क्रमांक दिसतो. तो, बँकेचे व सिमकार्डाच्या कंपनीचे मदतीचे क्रमांक आणि फोनचें बिल हीं घरच्या वहींत ठेवावींत. गूगल खात्याचा परवलीचा शब्द पाठ असावा. हीं माहिती फोनमध्येंच ठेवली तर फोनबरोबर तीही जाते. वही कोठें आहे हें पत्नीस व मुलांस ठाऊक असावें. सिमकार्डासही स्वतःचा पिन घालतां येतो. तो घातला असतां कार्ड दुसऱ्या फोनमध्यें घालून चालत नाहीं. हा उपाय फुकटचा असून आमच्या बाबतींत एवढ्यानेंच अनर्थ टळला असता. फोनला कुलूप असतांही वर दिसणारे संदेश झांकून ठेवावेत. कव्हरांत कार्ड अथवा पिनची चिठ्ठी ठेवूं नये. यूपीआय ज्या खात्यास जोडावयाचा त्यांत किरकोळ खर्चापुरतीच रक्कम ठेवावी. मालाची पट्टी दुसऱ्या खात्यांत जमा होऊं द्यावी.

जुना फोन स्वस्त मिळतो म्हणून घेणाऱ्यांनींही एक दक्षता घ्यावी. केवायएम हीं तीन इंग्रजी अक्षरें व त्यापुढें १५ आंकडी क्रमांक लिहून १४४२२ वर संदेश धाडल्यास तो फोन अडविलेला आहे कीं काय हें कळतें. बैल घेतांना आपण विकणाऱ्याकडून पावती घेतों व तींत बैलाचा रंग, शिंगें व वय लिहवून घेतों. फोन घेतांनाही बिल मागण्यांत संकोच नसावा.

आमचा फोन आजवर मिळालेला नाहीं, व त्याची आशाही आम्हीं सोडली आहे. रब्बीचें खत त्या वर्षीं सोसायटीकडून उधारीवर आणावें लागलें व त्याची फेड पुढच्या पट्टींतून झाली. वाचकांपैकीं जे उद्यां बाजारास निघाले असतील, त्यांनीं घर सोडण्यापूर्वीं फोनच्या कव्हरांतील कार्ड तेवढें काढून ठेवावें, एवढीच विनंती आहे.