आदिवासी कलेचा न्याय्य व्यापार : ऑस्ट्रेलियाचे उदाहरण

ऑस्ट्रेलियातील आदिवासी चित्रांमधील कथा आणि आकृत्या बहुधा कुळाची सामाईक ठेव असतात. तरीही चित्रकारांना कवडीमोल मोबदला देणे आणि परदेशी नकली वस्तू ‘आदिवासी कला’ म्हणून विकणे, असे प्रकार बाजारात घडत आले. सिनेटच्या समितीने २००७ मध्ये या व्यापाराचा चौकशी-अहवाल दिला. पुढे ‘इंडिजिनस आर्ट कोड’ ही आचारसंहिता आली. ती ऐच्छिक आहे. मात्र स्वीकारणाऱ्या विक्रेत्याने कलाकाराशी प्रामाणिकपणे वागणे आणि व्यवहाराच्या अटी आधी समजावून सांगणे अपेक्षित असते. २०१० पासून सर्वच दृश्यकलाकारांसाठी पुनर्विक्रीच्या मानधनाचा कायदा लागू आहे. त्यानुसार १,००० डॉलर वा अधिक किमतीच्या पात्र व्यावसायिक पुनर्विक्रीतून ५ टक्के रक्कम कलाकाराला मिळते. त्याच्या मृत्यूनंतर हा हक्क वारसांकडे जातो.