गवंड्याचे नव्वद दिवस

खोताच्या वाडीवर लेख आला की घरांची मोजदाद ठरलेली: एकेकाळी ६५, आता तिशीच्या आत. अठराव्या शतकाच्या अखेरीला दादोबा वामन खोतांनी इथली जमीन ईस्ट इंडियन कुटुंबांना विकली, मग लाकडी व्हरांड्यांची, बाहेरून जिने असलेली कौलारू घरं उभी राहिली, हेही गिरगावकरांना पाठ आहे. पावसाळा सरला की या घरांची डागडुजी करणाऱ्या गवंड्यांची नोंद मात्र कुणी ठेवलेली नाही. त्यांचा स्वतःचा बळकट संघ असता तर ती राहिली असती, असं मला ठामपणे वाटतं.

असा संघ काय करतो? लंडनमध्ये वीटकाम करणाऱ्या आणि कौलं घालणाऱ्या कारागिरांच्या संघाला १५६८ साली राजसनद मिळाली. उमेदवारी किती वर्षं करायची, काम कच्चं निघालं तर जाब कुणाला विचारायचा, हे असे संघ ठरवत. अमेरिकेतल्या वीटकाम कामगारांची १८६५ सालची युनियन आजही मजुरीचे करार करते आणि शिकाऊ पोरांना हातात थापी देऊन तयारही करते. पोटाची आणि हाताची काळजी एकाच ठिकाणी.

मुंबईला संघटना नवी नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांना एकत्र आणलं. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. गवंडी मागे राहिला, कारण गिरणीला एक फाटक होतं, एक मालक होता. गवंड्याचा मालक आठवड्याला बदलतो. सकाळी नाक्यावर उभं राहायचं, मुकादम नेईल तिथे जायचं.

बांधकाम कामगारांच्या संघटनांनी न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांना अध्यक्ष करून देशभर मोहीम चालवली. तिचं फळ म्हणजे १९९६ चे दोन कायदे: एक कल्याणकारी मंडळाचा, दुसरा बांधकाम खर्चावरच्या उपकराचा. महाराष्ट्रात नियम यायला २००७ साल उजाडलं. उपकराचे हजारो कोटी गोळा होऊनही कामगारापर्यंत पोचत नाहीत, म्हणून २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारांना खडसावलं.

पैसा अडतो कुठे, ते वाडीतल्या कामावरून कळतं. मंडळाच्या नोंदणीसाठी वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. टॉवरच्या साइटवरच्या माणसाला तो एकाच ठेकेदाराकडून मिळू शकतो. दुरुस्तीवाला गवंडी वाडीत आठ दिवस गिलावा करतो, ठाकुरद्वारला चार दिवस दर्जा भरतो, मग फणसवाडीत न्हाणीघराची गळती काढतो. सही कुणाकुणाची आणायची? शिवाय स्वतःच्या राहत्या घराचं दहा लाखांच्या आतलं काम १९९६ च्या कायद्याने बाहेरच ठेवलं होतं. इथे युनियनचा कार्यकर्ता कामाला येतो: हजेरीच्या चिठ्ठ्या जमवतो, अर्ज भरून घेतो, कचेरीत पाठपुरावा करतो. हे काम मी फार मोलाचं मानतो.

हाताचं काय? जुन्या भिंती चुन्याच्या. कळीचा चुना पाण्यात विझवायचा, मुरू द्यायचा, वाळू-सुरखी घालून घाणीत मळायचा. असा गिलावा ओल बाहेर सोडतो. त्यावर सिमेंट चढवलं की ओल आत कोंडते, क्षार विटेच्या तोंडाशी येऊन साठतात आणि दोन-चार पावसाळ्यांत वीट भुगा होऊन गळते. नवं सिमेंट टणक, आतली वीट पोकळ. घरमालक हळहळतो, गवंड्याला दोष देतो. त्याला चुना शिकवला कुणी, हे विचारत नाही. मिस्त्रीच्या हाताखालचा बिगारी बघून बघून शिकायचा. आता मिस्त्रीच सिमेंटचा.

वारसा जपू म्हणणाऱ्यांनी आणि युनियनवाल्यांनी एकमेकांच्या दारी जायला हवं. चुन्याच्या कामाचं प्रशिक्षण उपकराच्या पैशातून व्हावं, शिकताना रोज बुडू नये, आणि छोट्या दुरुस्तीचे दिवसही त्या नव्वदांत सहज धरले जावेत, अशी मागणी मंडळापुढे गेली पाहिजे. मंडळावर सरकार आणि मालकांइतकेच प्रतिनिधी कामगारांचेही असावेत, असं कायद्यानेच सांगितलं आहे. त्यातल्या एका खुर्चीवर दुरुस्तीचं काम करणारा गवंडी बसला पाहिजे.