पीठ नको, भरड हवी! हातगिरणीला मोटर जोडण्याचे स्वस्त गणित

अमेरिकेतील अनेक घरांच्या गॅरेजमध्ये सुटीच्या दिवशी सकाळी एक आवाज हमखास ऐकू येतो. हाताने फिरवायच्या छोट्या गिरणीत मोड आणून वाळवलेला जव भरडला जात असतो. घरच्या घरी बिअर बनवण्याचा छंद तेथे आता चांगलाच रुजला आहे. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका विधेयकावर स्वाक्षरी केली आणि घरगुती वापरासाठी बिअर बनवण्यास करमाफी मिळाली. एक प्रौढ असलेल्या घरात वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घरात २०० गॅलन, अशी मर्यादा ठरली. राज्यांचे कायदे मात्र हळूहळू बदलले. अलाबामा आणि मिसिसिपी या शेवटच्या दोन राज्यांनी २०१३ मध्ये परवानगी दिली.

या छंदाचे दुसरे नाव काटकसर असे म्हटले तरी चालेल. जुन्या पिंपातून उकळण्याचे भांडे, पिकनिकच्या शीतपेटीतून धान्य भिजवण्याचे पात्र, अशी उपकरणे हौशी मंडळी स्वतःच तयार करतात. त्याच वृत्तीतून हातगिरणीला मोटर जोडण्याची कल्पना आली. बाजारात मिळणारा मोटरसंच अनेकदा खुद्द गिरणीपेक्षा महाग पडतो. त्यामुळे भंगारातील मोटर, दोन पुली आणि एक पट्टा यांवर काम भागवण्याकडे अनेकांचा कल असतो. काम अवघड नाही. पण त्यामागील गणित चुकले, तर धान्य वाया जाते, मोटर जळते आणि प्रसंगी बोटही गमवावे लागते.

दळणे आणि भरडणे

मराठी घरांना दळणे आणि भरडणे यांतील फरक समजावून सांगण्याची गरज नाही. पोळीसाठी गहू दळतात, तर लापशीसाठी भरडतात. बिअरसाठी लागणारा माल्ट, म्हणजे मोड आणून भट्टीत वाळवलेला जव, हा भरडायचाच असतो. दाण्यातील पिठूळ भाग फुटला पाहिजे, पण वरचे तूस शक्यतो अखंड राहिले पाहिजे.

याचे कारण पुढच्या टप्प्यात आहे. भरडलेला माल्ट ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात सुमारे तासभर भिजवला जातो. त्या काळात दाण्यातील विकरे पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात. नंतर हा गोड अर्क गाळून घ्यावा लागतो. त्यासाठी निराळे फडके वापरत नाहीत. तुसांचा थर पात्राच्या तळाशी बसतो आणि तोच गाळणीचे काम करतो. तुसांचाही भुगा झाला, तर लगद्याचे थापड बनते आणि अर्क खाली उतरतच नाही. शिवाय चुरडलेल्या तुसांतून तुरटपणा उतरण्याची भीती असते. उलट भरड फार जाड राहिली, तर आतले पिष्ट पाण्याला भेटतच नाही आणि साखर कमी मिळते.

म्हणूनच या कामासाठी जात्यासारख्या दगडी तळ्यांपेक्षा दोन रोलरची गिरणी पसंत केली जाते. जात्याला टाकी लावून खरखरीतपणा आणतात, तशीच बारीक खवल्यांची नक्षी या पोलादी रोलरवर कोरलेली असते. एक रोलर बाहेरून फिरवला जातो. दुसरा मधल्या दाण्यांच्या घर्षणाने त्याच्याबरोबर फिरतो. दोहोंमधील फट साधारण ०.९ ते १.२ मिलिमीटर ठेवतात. अंदाजासाठी सांगायचे, तर बँकेच्या कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते. फट त्याहून किंचित अधिक असावी.

मोटर कशासाठी?

सुमारे १९ लिटर बिअरसाठी साडेचार ते साडेपाच किलो माल्ट लागतो. हाताने तो भरडायला दहा-पंधरा मिनिटे लागतात आणि खांदा भरून येतो. तरुण माणसाला त्याचे फारसे काही वाटत नाही. पण सांधे दुखणाऱ्या किंवा एका वेळी दुप्पट धान्य भरडणाऱ्या व्यक्तीसाठी हीच पायरी छंद सोडण्याचे निमित्त ठरू शकते. मोटर लावल्यास तेच काम तीन-चार मिनिटांत होते. दुसरा लाभ अधिक महत्त्वाचा आहे. हाताने फिरवताना वेग कमी-जास्त होतो. मोटर एकाच गतीने फिरते, म्हणून भरडही एकसारखी पडते.

वेग मात्र बेताचाच हवा. घरगुती रोलर गिरणीसाठी मिनिटाला १५० ते २०० फेरे ही सर्वसाधारण योग्य गती मानली जाते. थोडी अधिक चालते, पण फार वाढवली की तूस फाटू लागते आणि पिठाचे प्रमाण वाढते.

सर्वांत सोपा मार्ग : ड्रिल

बहुतेक जण सुरुवात हातातल्या ड्रिलने करतात. गिरणीची दांडी काढून शाफ्टला ड्रिल लावले की झाले. खर्च शून्य. मात्र येथे दोन अडचणी आहेत. साध्या ड्रिलमधील थंडावा देणारा पंखा मोटरच्या शाफ्टवरच असतो. ड्रिल अगदी हळू चालवले की पंखाही हळू फिरतो, भार मात्र पूर्ण राहतो आणि मोटर तापते. म्हणून वेगवान ड्रिलपेक्षा अर्धा इंची चकचे, कमी गतीचे व भक्कम गिअरचे ड्रिल या कामाला योग्य ठरते. दुसरी अडचण सवयीची आहे. हात मोकळा राहावा म्हणून काही जण ड्रिलचा खटका पट्टीने बांधून ठेवतात. अशा वेळी काही अडकले तर यंत्र तत्काळ बंद करता येत नाही. खटका बांधायचाच असेल, तर वीजपुरवठ्याचे बटण हाताच्या अंतरावर असलेच पाहिजे.

पुलीचे गणित

कायमस्वरूपी व्यवस्थेसाठी जुन्या धुलाईयंत्राची किंवा कपडे वाळवण्याच्या यंत्राची इंडक्शन मोटर हा स्वस्त पर्याय आहे. अमेरिकेत विजेची वारंवारिता ६० हर्ट्झ असल्याने अशी चार ध्रुवांची मोटर मिनिटाला सुमारे १७२५ फेरे घेते. भारतात ५० हर्ट्झमुळे तशीच मोटर सुमारे १४४० फेरे घेते. दोन्ही गती गिरणीसाठी कितीतरी जास्त आहेत. ती उतरवण्याचे काम पुली करतात.

नियम सोपा आहे. मोटरच्या गतीला मोटरवरील पुलीच्या व्यासाने गुणायचे आणि गिरणीवरील पुलीच्या व्यासाने भागायचे. मोटरवर दीड इंची व गिरणीवर बारा इंची पुली असेल, तर १७२५ गुणिले १.५ भागिले १२, म्हणजे सुमारे २१६ फेरे होतात. भारतीय मोटर असेल, तर तेच गणित १८० फेऱ्यांवर येते. दोन्ही आकडे कामाचे आहेत.

गती कमी झाली की तितक्याच पटीने फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क वाढतो. एक तृतीयांश अश्वशक्तीची मोटर सुमारे २५० वॅट शक्ती देते. १७२५ फेऱ्यांना तिचा टॉर्क जेमतेम १.४ न्यूटन-मीटर असतो. आठपट गती उतरवल्यावर तो, घर्षणातील घट सोडल्यास, ११ न्यूटन-मीटरपर्यंत जातो. लहान मोटर कठीण दाणा का फोडू शकते, याचे उत्तर या आठपटीत आहे.

येथे एक मोह टाळायला हवा. पुली विकत घेण्याऐवजी पंख्याचा रेग्युलेटर लावून मोटरची गती कमी करावी, असे अनेकांना वाटते. इंडक्शन मोटरच्या बाबतीत ही चूक महागात पडते. व्होल्टेज कमी केले की टॉर्क झपाट्याने घटतो. शिवाय अशा अनेक मोटरींमध्ये सुरुवातीपुरते चालणारे वेगळे वेटोळे असते. मोटरने गती घेतली की एक स्विच ते तोडतो. गती फार उतरली की तो स्विच पुन्हा जुळतो, ते वेटोळे सतत विजेखाली राहते आणि जळते.

भंगारातील मोटर निवडताना आणखी एक गोष्ट पाहावी. हवा ढकलणाऱ्या यंत्रातील मोटर तिच्याच पंख्याच्या झोतावर थंड राहील, अशा बेताने बनवलेली असते. पंख्याविना ती गिरणीला जोडली तर लवकर तापते. नव्या धुलाईयंत्रांतील अनेक मोटरींना स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक नियंत्रक लागतो. तो नसेल तर त्या निरुपयोगी ठरतात. मोटारीच्या वायपरची मोटर बारा व्होल्टवर चालते आणि तिला गिअर असतो. तिची गती फारच कमी असते, पण घाई नसेल तर तीही चालते.

जोडणीतील बारकावे

मोटर आणि गिरणी थेट जोडण्यापेक्षा व्ही-पट्टा वापरण्यात एक छुपा फायदा आहे. माल्टमध्ये कधी कधी बारीक खडा येतो. तो रोलरमध्ये अडकला, तर पट्टा घसरतो आणि गिरणी वाचते. थेट जोडणीत तो सारा धक्का मोटर आणि रोलरवर येतो.

पट्टा फार आवळू नये. लहान गिरण्यांचे शाफ्ट साध्या बुशवर टेकलेले असतात आणि बाजूने ओढ वाढली की ते झिजतात. मोठी पुली गिरणीच्या शक्य तितकी जवळ असावी. एक जुनी युक्ती येथे उपयोगी पडते. मोटर बिजागरीच्या फळीवर बसवली, तर तिच्या स्वतःच्या वजनानेच पट्ट्याला योग्य ताण मिळतो. पट्टा चढवण्यापूर्वी मोटर कोणत्या दिशेने फिरते, हे तपासून घ्यावे. रोलर वरच्या बाजूने एकमेकांकडे वळले पाहिजेत, नाही तर दाणे आत ओढलेच जात नाहीत.

सुरू करण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. साध्या इंडक्शन मोटरचा आरंभीचा जोर कमी असतो. त्यामुळे आधी मोटर सुरू करावी, तिने गती घेतल्यावर धान्य सोडावे. पिठाच्या गिरणीवाल्यांना हा क्रम वेगळा शिकवावा लागत नाही. पहिल्या खेपेला फक्त मूठभर माल्ट भरडून पाहावा. एकही दाणा अखंड राहू नये, आतील भाग दोन-चार तुकड्यांत फुटलेला असावा, पीठ थोडे आणि तूस बहुतांशी धड असावे. तूस फारच फाटत असेल, तर भरडण्यापूर्वी माल्टवर त्याच्या वजनाच्या एक ते दोन टक्के पाणी शिंपडून तो हलवून ठेवतात. पाच किलोला ५० ते १०० मिलिलिटर पाणी पुरते. तूस चिवट होते आणि आतला भाग कोरडाच राहतो.

काटकसर कोठे नको?

फिरता पट्टा आणि पुली यांच्या मधल्या कोनात बोट सापडले, तर हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. म्हणून प्लायवूडचे किंवा पत्र्याचे संरक्षक आवरण घातल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. मोकळी बाही, ओढणी, लांब केस आणि घरातील लहान मुले यांना यंत्रापासून दूर ठेवावे. अडकलेला दाणा काढताना बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लगही काढावा. मोटरच्या धातूच्या अंगाला अर्थिंग असावे आणि वीजगळती झाल्यास पुरवठा तोडणारा ब्रेकर असावा.

धान्याची धूळही दुर्लक्ष करण्यासारखी नाही. २ मे १८७८ रोजी अमेरिकेतील मिनिआपोलिस येथे वॉशबर्न ए मिल या महाकाय गिरणीत पिठाच्या धुळीचा स्फोट होऊन १८ जणांचा मृत्यू झाला होता. घरातील पाच किलो धान्याने तशी परिस्थिती उद्भवत नाही. तरीही उघड्या मोटरीत धूळ साचते, ती तापते आणि ठिणग्यांशी तिचा संबंध येतो. त्यामुळे बंद आवरणाची मोटर घ्यावी व काम हवेशीर जागी करावे. माल्टच्या धुळीत आंबवणारे जिवाणूही असतात. भरडण्याचे काम आंबवणाच्या पात्राजवळ केल्यास सारी बिअर आंबट होऊ शकते.

महाराष्ट्रातील वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे येथे गुन्हा आहे. त्यामुळे अमेरिकी छंद जसाच्या तसा उचलता येणार नाही. पण पुलीचे गणित, टॉर्कचा नियम आणि संरक्षक आवरणाची शिस्त यांना परवाना लागत नाही. नाचणी सत्त्वाचा घरगुती उद्योग असो वा डाळ भरडण्याचे छोटे यंत्र, हाताच्या यंत्राला मोटर जोडू पाहणाऱ्या प्रत्येकाला हा हिशेब उपयोगी आहे. मोटर जुनी चालेल, फळी भंगारातली चालेल. आवरण, अर्थिंग आणि हाताशी असलेले बटण मात्र नवे आणि पक्के हवे.