मोडलाइनचा भागाकार

संपादकांना हवा होता वालचंद लिनक्स यूजर्स ग्रुपचा परिचय. सांगलीच्या विश्रामबागेतलं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ सालचं; वालचंद हिराचंदांचं नाव त्याला १९५५मध्ये मिळालं. तिथली मुलंच मुलांना लिनक्स शिकवतात, हे या गटाचं काम. आज सातारा-कराडकडचा विद्यार्थी पेन ड्राइव्ह लावतो आणि थोड्याच वेळात खिडक्या, चिन्हं, माउसचा बाण त्याच्यापुढे हजर होतात. पण पूर्वी हा पडदा ज्या एका ओळीवर अडायचा, तिच्यातच मी गुंतलो.

लिनक्स आलं १९९१मध्ये. पुढच्याच वर्षी ओरेस्ट झ्बोरोव्स्की यांनी त्यावर एक्स विंडो, म्हणजे पडद्यावर खिडक्या काढणारी यंत्रणा, चालवून दाखवली. तेव्हाचे बरेचसे मॉनिटर स्वतःची काहीच माहिती संगणकाला देत नसत. त्यांच्या पुस्तिकेतले आकडे शोधून ‘एक्सएफ८६कॉन्फिग’ या फायलीत माणसानंच भरायचे. त्यातली अवघड ओळ म्हणजे मोडलाइन, पडद्यावरच्या ठिपक्यांचा आणि ओळींचा हिशेब.

१०२४ बाय ७६८च्या पडद्याचं गणित असं. एका ओळीत १०२४ ठिपके दिसतात, पण किरणाला उजव्या कडेवरून डावीकडे परतायला वेळ लागतो. म्हणून ओळ १३४४ ठिपक्यांची धरायची. उभ्या अंगानंही तसंच, ७६८च्या जागी ८०६ ओळी. सेकंदाला साडेसहा कोटी ठिपके, भागिले १३४४, म्हणजे सुमारे ४८,४०० ओळी; त्याला ८०६नं भागलं की सेकंदाला ६० चित्रं. काचेच्या नळीतल्या किरणाची चाल शाळकरी भागाकारानं हाती यावी, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

मात्र १४ इंची मॉनिटरची मर्यादा ४८ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४८ हजार ओळी, असेल, तर हे ४८.४ त्याला झेपत नाही. चित्र फाटतं, तिरकं धावतं. संरक्षण नसलेला जुना मॉनिटर बिघडूही शकतो. कंट्रोल, ऑल्ट, बॅकस्पेस एकदम दाबून लगेच बाहेर पडायचं आणि ८०० बाय ६००वर उतरायचं. तिथे ओळींचा वेग ३७.९ किलोहर्ट्झ. ग्राफिक्स कार्डावर एकच एमबी मेमरी असेल, तर १६ बिट रंगही याच मापात बसतात: ९,६०,००० बाइट. मोठ्या पडद्याला पंधरा लाखांहून जास्त लागतात.

पुढे मॉनिटर आपली माहिती व्हीजीए केबलच्या १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून स्वतःच सांगू लागले. अडचण संपली असं वाटतं, पण सभागृहातल्या लांब केबलमध्ये यातली एक तार तुटली की प्रोजेक्टर मुका होतो. मग ‘सीव्हीटी’ आज्ञेनं मोडलाइन काढायची आणि ‘एक्सरँडर’ या आज्ञेला द्यायची. एक्सवर हे जमतं. आता बरेच डेस्कटॉप एक्सच्या जागी आलेल्या वेलँडवर गेलेत, तिथे हा मार्ग बंद आहे. मोड बऱ्याचदा कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, बूट होतानाच कळवावा लागतो. आकडा चुकला तर पडदा काळा, आणि संगणक पुन्हा सुरू करून ग्रब या बूटलोडरमध्ये तो मोड खोडावा लागतो. ते आज किती मुलांना जमेल, याची मला काळजी वाटते.