मुंबईचा पगार, नागपूरचा पगार : हातात काय उरते?

आपल्या वस्तीतील मुलेमुली शिकून नोकरीला लागत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु नेमणूक कोठे घ्यावी, बढतीबरोबर आलेली बदली स्वीकारावी की नाही, हे ठरविताना घरात पहिला प्रश्न विचारला जातो तो "पगार किती?" खरे तर "हातात उरणार किती?" असे विचारावयास हवे. बँकेत नोकरीला असल्यामुळे अनेकजण हा हिशोब माझ्याकडे घेऊन येतात. म्हणून अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही आपली उपनगरे आणि आपल्यापैकी कित्येकांचे आप्त राहतात ते नागपूर, यांची तुलना येथे मांडत आहे.

महागाई भत्ता सर्वत्र सारखाच

पगाराची सांगड जगण्याच्या खर्चाशी घालावी, हा विचार मुंबईला नवा नाही. १९२१-२२ साली येथील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची सरकारी पाहणी झाली, तेव्हा बहुतेक कुटुंबे एकाच खोलीत राहत असल्याचे दिसून आले. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली किमान वेतनाचे विधेयक मांडले; त्याचा कायदा १९४८ साली झाला.

आज केंद्र सरकारच्या व बँकांच्या कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता लेबर ब्युरोच्या औद्योगिक कामगारांसाठीच्या अखिल भारतीय ग्राहक किंमत निर्देशांकावर ठरतो. या निर्देशांकाचे पायाभूत वर्ष २०१६ असून त्यासाठी देशातील ८८ केंद्रांतून किमती गोळा केल्या जातात. मात्र भत्ता देशभराच्या एकाच आकड्यावर मिळतो. म्हणजे मूळ वेतन सारखे असेल तर बोरिवलीच्या व नागपूरच्या कारकुनाला महागाई भत्ता पैशापैशाने सारखाच.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. निर्देशांक महागाईची वाढ दाखवितो, पातळी नव्हे. समजा, २०१६ मध्ये खोलीचे भाडे मुंबईत ८,००० व नागपुरात ३,००० रुपये होते आणि पुढे ते अनुक्रमे १०,००० व ३,९०० झाले. तर मुंबईचा आकडा १२५ आणि नागपूरचा १३० येईल. म्हणून नागपूर महाग ठरते काय? मुळीच नाही.

फरक कोठे पडतो?

फरक पडतो तो घरभाडे भत्त्यात. सातव्या वेतन आयोगानुसार मुंबई 'एक्स' वर्गात व नागपूर 'वाय' वर्गात येते. जानेवारी २०२४ पासून हे दर अनुक्रमे ३० व २० टक्के झाले. मूळ वेतन २५,५०० रुपये धरल्यास मुंबईत ७,६५० व नागपुरात ५,१०० रुपये मिळतात. फरक २,५५० रुपयांचा. दोन्ही शहरांतील खोलीभाड्यातला फरक एवढ्यात भरून निघेल काय, हे प्रत्येकाने आपल्या घरमालकाला आठवून सांगावे! वाहतूक भत्त्याच्या यादीत तर दोन्ही शहरे वरच्याच दरात आहेत.

औषधे, साबण, मोबाईल, पाठ्यपुस्तके यांच्या किमती दोन्हीकडे जवळपास सारख्याच. खरा फरक डोक्यावरच्या छपराचा आहे.

गृहकर्जाचा हिशोब

साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी कर्ज घेतल्यास दर लाखामागे महिना सुमारे ८६८ रुपये हप्ता बसतो. म्हणजे मुंबईत घरासाठी दहा लाखांचे कर्ज जास्त काढावे लागले, तर महिन्याला सुमारे ८,६८० रुपये जास्त भरावे लागतात आणि वीस वर्षांत त्या दहा लाखांचे वीस लाखांहून अधिक होतात. पगार आठ हजारांनी जास्त आहे म्हणून मुंबई धरली, तर ती वाढ हप्त्यातच जाते.

वेळेचाही हिशोब करावा. बोरिवली ते चर्चगेट हे अंतर सुमारे ३४ किलोमीटर आहे. लोकलचा पास स्वस्त, हे मान्य. परंतु जाण्यायेण्यात रोज अडीच तास गेले, तर पंचवीस दिवसांत साडेबासष्ट तास, म्हणजे कामाचे जवळजवळ आठ दिवस होतात. मुलांचा अभ्यास घेण्याचा वेळ यातूनच कापला जातो.

मुंबईच्या जमेची बाजू

असे असूनही मुंबई सोडा, असे मी म्हणणार नाही. येथे घरातील दुसऱ्या माणसालाही काम मिळण्याची शक्यता अधिक. कमी शिकलेल्या स्त्रीलाही चार पैसे मिळविता येतात; दिवसा नोकरी करून रात्री शिकणाऱ्यांची येथे मोठी परंपरा आहे. राजावाडी, कूपर, केईएम अशी महापालिकेची रुग्णालये आहेत. नागपुरातही मेयो, मेडिकल व आता एम्स आहे. पण रोजगाराचा विस्तार मुंबईइतका नाही. एकट्याच्या पगारावर जगणाऱ्याला नागपूर परवडते. दोघे कमावणार असतील तर मुंबईचा हिशोब बसू शकतो.

म्हणून निर्णय घेण्यापूर्वी कागदाचे दोन रकाने करावेत. प्रत्येक शहराचा हाती येणारा पगार वर लिहावा. त्यातून भाडे किंवा हप्ता, प्रवास, शिक्षण, औषधपाणी आणि गावी आईवडिलांना पाठवावयाची रक्कम वजा करावी. शेवटी उरलेले दोन आकडे ताडून पाहावेत. हा हिशोब घरातील कर्त्याने एकट्याने न करता पत्नी व जाणत्या मुलांसह करावा, कारण त्या पगारावर जगावयाचे असते ते सर्वांनाच.