ग्राहकाने ई-मेल आयडी दिला, आता पहिला मेल कसा लिहायचा? ‘वेलकम मेल’ स्पॅममध्ये का जातो?

समजा, देवगडच्या एका आंबा बागायतदाराने स्वतःची वेबसाइट सुरू केली. ‘यंदाच्या पेट्या कधी निघणार ते कळवू, ई-मेल आयडी द्या’ असा चौकोन त्यावर ठेवला. पुण्यातल्या एका ग्राहकाने जानेवारीत आयडी टाकला. त्यानंतर दोन महिने काहीच नाही आणि मार्चअखेर थेट ‘बुकिंग सुरू, त्वरा करा!’ असा मेल आला. आपण आयडी दिला होता हे ग्राहक तोपर्यंत विसरला होता. त्याने मेल ‘स्पॅम’ म्हणून कळवला आणि पुढे गेला.

यात एका पेटीची विक्री गेली, पण नुकसान तेवढंच नाही. अशा तक्रारींचा हिशेब जीमेल ठेवतं.

हजारात तीन तक्रारी

गुगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. गुगलच्या सूचनेनुसार स्पॅम तक्रारींचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली ठेवावं आणि ०.३ टक्क्यापर्यंत कधीच जाऊ देऊ नये. म्हणजे हजार मेलमागे तीन तक्रारी झाल्या, तरी धोक्याची पातळी गाठली जाते. मग ज्यांना आंबे खरोखर हवे आहेत, त्यांचे मेलही स्पॅममध्ये जाऊ शकतात.

म्हणून वेलकम मेल नोंदणीनंतर लगेच, काही मिनिटांत जायला हवा. फोन अजून ग्राहकाच्या हातात असतो आणि आपण काय मागितलं होतं हेही त्याच्या लक्षात असतं. पाठवण्याचं काम टूल आपोआप करतं. मजकूर मात्र स्वतः लिहावा लागतो.

मग लिहायचं काय?

बहुतेक मेलची सुरुवात ‘आमच्या परिवारात आपलं हार्दिक स्वागत’ अशी असते. दोन पेट्यांची चौकशी करणारा माणूस कोणाच्या परिवारात आलेला नसतो. त्याला भाव आणि तारीख हवी असते. त्यापेक्षा असा मेल कामाचा ठरतो :

विषय : देवगड हापूस – पेट्या कधी निघणार?

‘नमस्कार, आज आमच्या वेबसाइटवर तुम्ही आंब्यासाठी ई-मेल दिला, म्हणून हा मेल. पहिली तोड मार्चअखेर होईल असा अंदाज आहे. भाव ठरला की एक मेल येईल, बुकिंग सुरू झालं की दुसरा. आंबा तयार, पण हिरवा पाठवतो. घरी पेंढ्यात ठेवून पिकवावा लागतो. पेटी कोणत्या शहरात हवी, ते याच मेलला उत्तर देऊन कळवा. मेल नको असतील तर खालच्या लिंकवर एकदा दाबा.’

मेल का आला, पुढे किती येतील आणि नको असल्यास काय करायचं, हे सगळं यात आलं. शिवाय ग्राहकाला उत्तर द्यायला सोपा प्रश्नही आहे. त्यामुळे मेल ‘नो-रिप्लाय’ पत्त्यावरून पाठवू नये. फॉर्मवर सवलतीचं कूपन कबूल केलं असेल, तर ते याच मेलमध्ये द्यावं. कबूल केलं नसेल तर पहिल्याच दिवशी भाव पाडण्याची गरज नाही. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालं आहे. बागायतदार त्याचा नोंदणीकृत वापरकर्ता असेल, तर ती एक ओळ दहा विशेषणांपेक्षा जास्त विश्वास देते.

अनेक जण सगळा मजकूर आंब्याच्या रंगीत चित्रात बसवून पाठवतात. चित्र लोड झालं नाही, तर फोनवर फक्त रिकामी चौकट दिसते. विषय लांबलचक असेल तर तोही अर्ध्यावर तुटतो.

पत्ताच जीमेलचा असेल तर?

छोट्या व्यावसायिकांची सर्वाधिक अडचण इथे होते. व्यवसायाचा पत्ता जीमेलचा असतो आणि मेल मात्र दुसऱ्याच कंपनीच्या बल्क-मेल टूलमधून जातो. असा मेल खरोखर जीमेलमधून निघालेला नसल्याने पडताळणीत अडकतो. त्यासाठी स्वतःचं डोमेन लागतं. डोमेनच्या सेटिंगमध्ये एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी कराव्या लागतात. एसपीएफ म्हणजे या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी, तर डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही. जीमेल खात्यांना दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना या दोन्हींसह डीमार्क ही नोंद आणि प्रचाराच्या मेलमध्ये एका क्लिकवर बाहेर पडण्याची सोय सक्तीची आहे.

भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही हेच सांगतो : संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, व्यवसायांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत.

किती जणांनी मेल उघडला, या आकड्यावर मात्र फार विसंबू नये. २०२१ मध्ये ॲपलने मेल ॲपमध्ये गोपनीयतेची सोय आणली. ती सुरू असेल तर न वाचलेला मेलही ‘उघडला’ असा दिसू शकतो. उत्तरं किती आली आणि लिंकवर किती जणांनी दाबलं, हे पाहणं बरं.

मेल सुरू करण्याआधी तो स्वतःच्या जीमेलवर मागवावा. संगणकावर उघडून तीन टिंबांच्या मेन्यूतलं ‘शो ओरिजिनल’ निवडावं. तिथे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्कसमोर ‘पास’ दिसायला हवं. ‘फेल’ दिसलं, तर मजकुराला हात लावण्याआधी डोमेनच्या नोंदी दुरुस्त करून घ्याव्यात.