चित्रांच्या गठ्ठ्याचं पुस्तक

मुलांनो, तोंडवलीला एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला गड नदीची खाडी. अशा खाऱ्या, दमट हवेत पावसाळ्यात कागदाचं काय होतं, ते मालवण किनाऱ्यावरच्या घरोघरी ठाऊक आहे. बुरशीचे ठिपके पडतात, पानं चिकटतात, वाळवीचं तर नावच नको! सगळ्यात आधी जातात ती शाळेत काढलेली चित्रं. ती कुणी जपलेलीच नसतात. मग त्यांचं पुस्तकच केलं तर?

विद्यार्थ्यांच्या चित्रांचं कसलं आलंय पुस्तक, असं म्हणू नका. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतले जॉन ग्रिफिथ्स 1872 मध्ये आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला गेले. लेण्यांतली भित्तिचित्रं ही मुलं कॅनव्हासवर उतरवू लागली. पुढे नावाजलेले पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. 1885 पर्यंत सुमारे 300 चित्रं झाली. त्यातली बरीच लंडनला गेली होती, आणि त्याच वर्षी तिथे लागलेल्या आगीत पुष्कळ जळाली. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या अजिंठ्याच्या नकलाही 1866 मध्ये लंडनमध्येच जळाल्या होत्या. एकाच कामावर दोनदा आग! तरी ग्रिफिथ्स यांनी 1896-97 मध्ये दोन भलेमोठे खंड छापून घेतलेच. मूळ भिंती विटत गेल्या, पण ते खंड अभ्यासकांना आजही उपयोगी पडतात.

ग्रिफिथ्स यांच्याच काळात कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर त्या शाळेत आले. तारीख 8 जानेवारी 1890. इतकी नेमकी कशी सांगता येते? 1940 मध्ये निघालेल्या त्यांच्या ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या आठवणींच्या पुस्तकाची सुरुवातच त्या तारखेपासून होते. विद्यार्थी म्हणून शिरलेला मुलगा त्याच शाळेचा प्रमुख होऊन 1931 मध्ये बाहेर पडला. तारखा जपल्या म्हणून हा प्रवास आज वाचता येतो.

तेव्हा गठ्ठा सोडा आणि प्रत्येक चित्रामागे पेन्सिलीने तारीख, इयत्ता लिहा. शाईने नको, ती पुढे उमटते. मग निवड. इथे बहुतेक जण चुकतात. फक्त बक्षिसाची चित्रं घेतात! चौथीतली वाकडी होडी आणि आठवीतली नीट होडी समोरासमोरच्या पानांवर येऊ द्या; पाहणाऱ्याला खरी गंमत तिथेच वाटेल. जुन्या चित्रावर आता हात फिरवायचा नाही.

मूळ चित्र कापू नका, झेरॉक्स चिकटवा. एक कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात, म्हणून सोळा पानांना चार कागद. ते एकात एक घालून घडीवर सुईदोऱ्याने तीन टाके घाला. शिवण्याआधी पानांचे आकडे घालून बघा, क्रम हमखास उलटसुलट होतो.

आणि आईबाबा, दिवाळीच्या साफसफाईत रद्दी बांधण्याआधी तो गठ्ठा एकदा मुलांसमोर उघडाल ना?